पत्ता बदलल्यावर वाढलेला विसर: बडोद्यातल्या एका आजींचं प्रकरण

तक्रार मुलाची होती, आजींची नव्हती. "आईला काही आठवत नाही. गॅस चालू ठेवून जाते, तेच तेच विचारते, आणि मागच्या महिन्यात आमच्याच वसाहतीत हरवली." आजींचं वय ७३. सूनबाईंच्या पिशवीत गोळ्यांच्या पाच पट्ट्या होत्या, वेगवेगळ्या दवाखान्यांतून मिळालेल्या. जुना कागद एकही नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा फाइल गेली.

स्मृतीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांच्या चाचण्या आणि गृहभेटी हे माझं काम. औषधं डॉक्टर ठरवतात, त्यात मी पडत नाही. आजींचं नाव, वसाहत किंवा ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही. प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की केसपेपरवर पत्त्याचा रकाना असतो, पण तो नोंदणीच्या खिडकीपुरता. त्या पत्त्यावर माणूस दिवसभर काय करतो, कुणाशी बोलतो, किती चालतो, किती झोपतो, हे कुणी विचारत नाही. या प्रकरणात नेमकं तेच विचारल्यावर गुंता सुटू लागला, पूर्ण नाही तरी बराच.

आधीचं घर

लग्नानंतरची चाळीसेक वर्षं आजी बाबाजीपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या. पती एका कारखान्यात कारकून. शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. १९५१ च्या आसपास जन्मलेल्या, बेताच्या घरातल्या मुलीसाठी हे कमी नाही, आणि त्यामागे शहराचा इतिहास आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो मुलींसकट साऱ्या संस्थानाला लागू केला. आजींची आई त्या शाळांतून शिकलेली होती, म्हणून लेकीला शाळेत घालायचं की नाही हा प्रश्नच घरात निघाला नाही. लहानपणीच्या शाळेचा म्हातारपणीच्या स्मरणशक्तीशी संबंध असतो, हे या क्षेत्रातल्या सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक. मेंदू झिजू लागला तरी ज्याच्याकडे आधीची शिल्लक जास्त, त्याचं काम अधिक काळ चालतं.

त्या गल्लीतला आजींचा दिवस मी त्यांच्याकडूनच ऐकला, आणि सांगताना त्या कुठे अडखळल्या नाहीत. सकाळी खंडेराव मार्केटपर्यंत पायी जाऊन भाजी. भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस, घरी हिशेब मराठीत. दुपारी ओट्यावर चारपाच जणी, निवडणं-टिपणं आणि गप्पा. आठवड्यातून दोनदा भजनी मंडळ. महिन्यातून एखादी फेरी मध्यवर्ती ग्रंथालयात, मासिकं आणि दिवाळी अंकांसाठी. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालाला बोलावून राज्यात ग्रंथालयांचं जे जाळं उभारलं, त्यातलंच हे. आजींना बोर्डेन माहीत नाहीत. त्यांना खिडकीजवळची बाकं माहीत आहेत.

जुन्या गल्लीचं गुणगान करायचा मोह मात्र आवरायला हवा. संडास सामाईक होता, भिंतींना ओल होती, घरमालक डागडुजीला हात लावू देत नव्हता. पैशाच्या मोजपट्टीवर तीही गरीबच गल्ली. पण तिथे चालायला, बोलायला आणि हिशेब करायला रोज कारण मिळत होतं. शेवटी इमारत धोकादायक ठरली आणि २०२१ मध्ये मुलाने शहराच्या कडेला, ओढ्यालगतच्या सखल वसाहतीत तळमजल्यावरचं घर घेतलं. परवडणारं तेवढंच होतं.

नवी जागा

सगळ्या इमारती एकसारख्या, एकाच रंगाच्या. इमारतींचे क्रमांक तळमजल्याच्या भिंतीवर रंगवलेले होते. पुरानंतर चुन्याचा हात फिरला तसे तेही गेले. पहिल्या गृहभेटीला मलाही मुलाला फोन करून "तुमची इमारत कोणती?" असं विचारावं लागलं. बाजाराला जायचं तर मोठा रस्ता ओलांडून शटल रिक्षा धरायची. पदपथ नाही, रस्त्यावर मोकाट गाई, बसायला एक बाक नाही. पावसाळ्यात ओढ्याकाठी मगर दिसते. बडोदेकरांना याचं नवल नाही, पण म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी घरात बसवायला तेवढं पुरतं. नळाला पाणी पहाटे, पाऊण तास. मुलगा मकरपुऱ्यात पाळीवर, सूनबाई पॅकिंगच्या कामाला, नातू कॉलेजात. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत आजी आणि टीव्ही. शेजारी चांगले आहेत, "बा, केम छो" म्हणतात आणि कामाला जातात.

पहिली चाचणी आधी एका दवाखान्यात गुजरातीतून झाली होती. सूनबाईंच्या आठवणीप्रमाणे तीसपैकी १४. आजी गुजराती सहज बोलतात, पण मोजतात, वजा करतात, देवाचं नाव घेतात ते मराठीत. मराठीतून शांतपणे, कानाजवळ स्पष्ट बोलून घेतली तेव्हा तीसपैकी १९ आले. हे पाच गुण आजींचा मेंदू सुधारल्यामुळे आले नाहीत. आधी आम्ही त्यांचा मेंदू सोडून भलतंच काहीतरी मोजत होतो. भारतात हा प्रश्न जुना आहे. १९९५ मध्ये बल्लभगडच्या खेड्यांतल्या अभ्यासासाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांना निरक्षर, हिंदीभाषक ज्येष्ठांसाठी चाचणीच नव्याने बांधावी लागली होती, कारण परदेशी चाचणी स्मृतीऐवजी शाळा मोजत होती.

तारीख आजींना सांगता आली नाही. वार सांगता आला नाही. पण एकादशी कधी, हे विचारल्यावर दोन दिवसांच्या फरकाने सांगितली. ज्या बाईला कुठे जायचं नाही, कुणी यायचं नाही, तिला मंगळवार आणि बुधवार यांत फरक तो काय? चाचणीत मात्र प्रत्येक चुकीचा एक गुण जातो.

एक गोष्ट मात्र परिस्थितीच्या खात्यावर टाकता येत नव्हती. पाच शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले, तर एकही आठवला नाही. इशारा दिल्यावरही एकच. लक्ष नव्हतं किंवा ऐकू आलं नव्हतं असं नाही, लगेच विचारल्यावर पाचही म्हटले होते. शिवाय कुटुंब सगळं खापर पुरावर फोडत असलं तरी खोदून विचारल्यावर सूनबाईंना आठवलं, की २०२२ च्या दिवाळीतच आजींनी फराळाच्या सामानाची यादी करणं सोडून दिलं होतं. म्हणजे सुरुवात पुराच्या आधीची.

तक्रारी एकेक करून

हरवल्याची घटना: डिसेंबरची संध्याकाळ, दिवे गेलेले, आजी दुधाची पिशवी आणायला बाहेर पडल्या आणि दुसऱ्याच इमारतीचं दार ठोठावत राहिल्या. मराठी येणारं जवळपास कुणी नव्हतं, त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू. काही दिवसांनी सूनबाईंना सांगून आजींना रावपुऱ्यापासून जुन्या घरापर्यंत चालत न्यायला लावलं, पुढे आजी आणि मागे सूनबाई. एक वळण चुकलं नाही. याचा अर्थ आजार नाही असा घ्यायचा नाही. चाळीस वर्षं घोटलेला रस्ता मेंदू उशिरापर्यंत जपतो, नवा नकाशा बनवायची ताकद आधी जाते. पण नवा नकाशा बनवायला जागेनेही काही खूण द्यावी लागते, आणि इथे ती नव्हती.

गॅस: दूध तापायला ठेवायची वेळ आणि पाणी यायची वेळ एकच. आजी दूध ठेवून बादल्या भरायला जात. तरुण माणूसही यात दूध उतू घालवतो.

तेच तेच विचारणं: यात कानाचा मोठा वाटा निघाला. दोन्ही कानांत मळ, आणि तो काढल्यावरही वयोमानाचं बहिरेपण शिल्लक. उत्तर अर्धवट ऐकू आलं की माणूस पुन्हा विचारतो.

डॉक्टरांच्या तपासणीत आणखी गोष्टी आल्या. बीपी १६८/९४. पुरात गोळ्या वाहून गेल्या आणि नंतर कुणी सुरूच केल्या नाहीत. बी-१२ कमी. पाच पट्ट्यांपैकी एक झोपेची आणि एक पुरानंतर अंगाला सुटलेल्या खाजेसाठी दिलेली, जुन्या प्रकारची अ‍ॅलर्जीची गोळी. खाज गेली होती, गोळी चालूच होती. या जुन्या गोळ्या अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याचं काम अडवतात, आणि आठवण साठवायला मेंदूला तेच द्रव्य लागतं. म्हाताऱ्या माणसांचं डोकं त्यांनी सहज गढूळ होतं. नैराश्याच्या पंधरा प्रश्नांच्या यादीत नऊ उत्तरं चिंता वाटावी अशी. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या जुन्या इजा आणि हिप्पोकॅम्पस या आठवणी नोंदवणाऱ्या भागाचा वयाच्या मानाने थोडा जास्त संकोच.

निदान लिहिलं गेलं ते असं: सौम्य स्मृतिदोष, सोबत नैराश्य, उपचार न झालेला रक्तदाब, श्रवणदोष आणि औषधांचा परिणाम. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा शब्द डॉक्टरांनी मुद्दाम टाळला.

वस्तीचा मेंदूशी संबंध कसा लागतो

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डॉ. एमी काइंड यांच्या गटाने उत्पन्न, शिक्षण, रोजगार आणि घरांची अवस्था अशा १७ बाबींवरून प्रत्येक मोहल्ल्याचा वंचिततेचा निर्देशांक मांडला. तो हाताशी आल्यावर मेंदूची चित्रं आणि पत्ते जोडून बघता आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्मृती शाबूत असलेल्या सुमारे साडेनऊशे लोकांपैकी जे देशातल्या सर्वांत वंचित २० टक्के वस्त्यांत राहत होते, त्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरी ४ टक्क्यांनी लहान आढळला. नव्या आठवणींची पहिली नोंद होते ती हीच जागा. त्याच वर्षी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरच्या अभ्यासातही वंचित वस्ती आणि अल्झायमरच्या खुणा यांचा संबंध दिसला.

हे आकडे बडोद्याला जसेच्या तसे लावणं मला पटत नाही. तिकडे एका मोहल्ल्यात साधारण एका ऐपतीचे लोक राहतात. आपल्याकडे एकाच वॉर्डात टॉवर आणि पत्र्याची खोली भिंतीला भिंत लावून उभी असते. पिनकोड बघून इथे काही कळत नाही, वसाहतीत जाऊनच बघावं लागतं. दुसरी शंका याहून मूलभूत. गरीब, कमी शिकलेली, आजारी माणसंच वाईट वस्तीत ढकलली जातात. मग दोष वस्तीचा की गरिबीचा? आजींचंच घ्या, सखल जागी त्या हौसेने गेल्या नव्हत्या.

या शंकेला थोडं उत्तर एका वेगळ्या प्रयोगातून मिळतं. १९९४ पासून अमेरिकेतल्या पाच शहरांत गरीब वस्तीतल्या कुटुंबांची सोडत काढून काहींना बऱ्या वस्तीत जायला घरभाड्याची मदत दिली. सोडत असल्यामुळे दोन्ही गटांतली माणसं सारखीच होती. दहा-पंधरा वर्षांनी बऱ्या वस्तीची संधी मिळालेल्या स्त्रियांमध्ये तीव्र स्थूलपणा आणि मधुमेह कमी आढळला. त्या स्त्रिया तरुण होत्या, त्यांची स्मृती मोजण्याचा तो प्रयोग नव्हता. पण मधुमेह आणि स्थूलपणा हे पुढे मेंदूला नडतात, आणि ते नुसत्या पत्त्याने हलले, एवढं त्यातून दिसतं.

लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले. ते सगळे हटवता आले तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज. हा हिशेब लोकसंख्येचा आहे, एका माणसाचा नाही. "आजींचा ४५ टक्के आजार बरा होईल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. पण त्या यादीवर बोट ठेवत गेलो तर आजींच्या बाबतीत सहा धोके निघाले: बहिरेपण, रक्तदाब, नैराश्य, एकटेपणा, हालचाल नसणं, दृष्टी. मोतीबिंदू आणि कान वयाचे, पण ते दोन-तीन वर्षं तसेच राहिले याचं कारण दवाखाना दोन रिक्षांच्या अंतरावर आणि सोबतीला माणूस नाही. उरलेले चार तर सरळ वसाहतीच्या दारातून आत आलेले. त्यांची साखळीही लागते. पदपथ नाही म्हणून चालणं नाही, चालणं नाही म्हणून भेटणं नाही, भेटणं नाही म्हणून मन उदास, उदास म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून गोळी.

आजींच्या बाजूने एक गोष्ट होती. २०१३ मध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ डिमेन्शिया रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. बडोद्यातला मराठी माणूस आयुष्यभर घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलतो. आजींचा हा फायदा नव्या वसाहतीत बंद पडला होता, कारण दिवसभर कुठल्याच भाषेत बोलायला कुणी नव्हतं.

केलं काय

औषधांचं काम पटकन झालं. खाजेची गोळी बंद, झोपेची हळूहळू कमी करत बंद, बीपीची रोजची एक गोळी, बी-१२ ची इंजेक्शनं. मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये. श्रवणयंत्रासाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेत अर्ज केला. गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, दात आणि श्रवणयंत्र देणारी ही केंद्राची योजना २०१७ पासून आहे, आणि फारच थोड्यांना माहीत आहे. यंत्राचा मी आग्रह धरला त्याला आधार आहे. २०२३ मध्ये आलेल्या अमेरिकी अचीव्ह चाचणीत एकूण गटात यंत्राने स्मृतीची घसरण थांबली नाही. पण ज्यांना धोका आधीच जास्त होता, ज्यांचं वय अधिक आणि शिक्षण व उत्पन्न कमी होतं, त्यांच्यात तीन वर्षांत घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. म्हणजे आजींसारख्यांना यंत्राचा उपयोग जास्त, आणि यंत्र परवडत नाही तेही त्यांनाच.

नातवाने टॅबवर कोडी सोडवायचं अ‍ॅप आणलं होतं. मी ते बाजूला ठेवायला सांगितलं. एकटं बसून चौकटी जुळवल्याने चौकटी जुळवण्यात हात बसतो, त्यापलीकडे फार काही होत नाही. भाजीवालीशी पाच रुपयांवरून हुज्जत घालणं हा याहून कितीतरी अवघड व्यायाम आहे.

जागेचं काम हळू चाललं, आणि त्यात खर्च जवळजवळ नव्हता. मुलाने आणि आणखी दोघा भाडेकरूंनी मिळून इमारतींच्या जिन्यांची कमान वेगवेगळ्या रंगात रंगवली. आजींची पिवळी. पाणी भरणं सूनबाईंनी स्वतःकडे घेतलं, दूध सात वाजता. पलीकडच्या इमारतीत एक मराठी आणि दोन गुजराती बायका दुपारी घरात असतात हे शोधायला महिना लागला. आता त्यांच्याकडे दुपारी बसणं होतं, कधी भजन, कधी नुसतं तूर निवडणं. गुरुवारी त्यांतलीच एक आजींना शटलने जुन्या शहरात नेते. रिक्षाभाडं आजी देतात आणि त्यावर कुणाचं काही ऐकून घेत नाहीत.

महापालिकेकडे बाक आणि रस्त्याच्या दिव्यांसाठी अर्ज दिला आहे. दिवा एक लागला.

मे महिन्यात पुन्हा चाचणी घेतली. तीसपैकी २२. नैराश्याच्या यादीत नवाचे चार. बीपी आटोक्यात. मुलगा म्हणाला, "म्हणजे बरी झाली ना?" तसं नाही. पाच मिनिटांनी विचारलेल्या पाच शब्दांपैकी या वेळी एक आठवला, इशाऱ्याने आणखी दोन. वाढलेल्या तीन गुणांत नीट ऐकू येण्याचा आणि चाचणीची ओळख झाल्याचाही भाग आहे. आत काहीतरी झिजतं आहे, आणि ते बहुधा झिजत राहील. गढूळपणा गेला, म्हणून आता मूळ दोष किती हे दिसू लागलं आहे. हे मुलाला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा तो गप्प बसला.

पावसाळ्याचा प्रश्न

मुलाच्या मनात आईला परत बाबाजीपुऱ्यात न्यायचं होतं. खोलीही बघून आला: तिसरा मजला, अरुंद लाकडी जिना, उजेड नाही. मी विरोध केला. आजींचे गुडघे बघता त्या तिसऱ्या मजल्यावरून आठवड्यात एकदा खाली आल्या असत्या, आणि गल्ली खिडकीतून दिसली असती. शिवाय नवी जागा शिकायचा ताण पुन्हा. ज्या वयात घर बदलल्याने माणूस गोंधळतो, त्या वयात चार वर्षांत दुसऱ्यांदा घर बदलायला सबळ कारण हवं. उलट बाजूही खोटी नव्हती. सखल तळमजल्यावर दुसरा पूर आला तर? डॉक्टर मुलाच्या बाजूला झुकले होते.

तोड आजींनीच काढली. त्यांची भाची जुन्या शहरात तळमजल्यावर राहते, उंचवट्यावर, पाणी न चढणाऱ्या भागात. जून ते सप्टेंबर तिच्याकडे, उरलेलं वर्ष इकडे. "आमचा चातुर्मास तिकडे," म्हणाल्या. भाचीला विचारलं तर ती आधीच हो म्हणून बसली होती. दोन घरांत राहायचं म्हणून औषधांची यादी, एमआरआयचा कागद आणि फोन नंबर प्लास्टिकच्या पाकिटात घालून दोन्हीकडे दाराच्या वरच्या खुंटीला लावले आहेत, आणि नातवाच्या मोबाइलमध्ये त्यांचे फोटो आहेत.

पुढची चाचणी गणपतीनंतर, शब्दांची यादी बदलून, कारण जुन्या यादीतला एक शब्द त्या आता दारातच म्हणून दाखवतात. बीपी, यंत्र कानात राहिल्याचे तास आणि दुपारी बाहेर पडल्याचे दिवस सूनबाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. त्याच कॅलेंडरवर हल्ली शेजारच्या दोन घरांतल्या म्हाताऱ्यांचंही बीपी असतं, कारण अख्ख्या इमारतीत मशीन एकच आहे. त्यांतल्या एका आजोबांची शुगर कधीच तपासलेली नव्हती. ती पुढच्या आठवड्यात तपासायची आहे.